भिडे पूल पाण्याखाली गेला की... शहराची वाहतूक संगणकात चालवायला शिकताना

खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेच्या पात्रातला रस्ता आणि बाबा भिडे पूल बंद होतात, आणि डेक्कनकडे निघालेली गर्दी लकडी पुलाकडे वळते. एवढं पुण्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. पुढचे प्रश्न विचारले की मात्र घोटाळा होतो. किती गाड्या वळतात? आधी कुठला सिग्नल तुंबतो? अलका चौकाच्या मागे रांग कुठवर जाते? यावर प्रत्येकाचा वेगळा अंदाज असतो आणि प्रत्येकाला आपलाच बरोबर वाटतो. दुसरा मार्ग म्हणजे शहराच्या रस्त्यांचं जाळं संगणकात उभं करायचं, त्यात गाड्या सोडायच्या, पूल बंद करायचा आणि काय होतं ते पाहायचं.

हा लेख त्या दुसऱ्या मार्गाने पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. साधा लॅपटॉप पुरतो. सुरुवातीला प्रोग्रॅमिंग लागत नाही, पुढे थोडं पायथन लागतं. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो, कारण मला ती फार उशिरा उमगली: नकाशा एका दुपारी मिळतो, पण माणसं कुठून कुठे जातात हे कळायला महिने लागतात. नवशिक्याचा सगळा जीव नकाशात अडकतो. मॉडेल खरं की खोटं हे ठरतं त्या दुसऱ्या गोष्टीवर.

शहराआधी एक रिंगण

पहिल्याच दिवशी अख्खं पुणे उघडू नका. २३० मीटर परिघाचा एक गोल, एका लेनचा रस्ता बनवा आणि त्यावर २२ गाड्या सोडा. हे आकडे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगातले आहेत. त्यात खऱ्या गाड्या आणि खरे चालक अशाच रिंगणात फिरले होते. सिग्नल नाही, खड्डा नाही, कुणी आडवं आलेलं नाही. तरी थोड्या वेळात गाड्यांची एक गाठ तयार झाली आणि ती गाड्यांच्या उलट दिशेने, म्हणजे मागे मागे सरकत राहिली. द्रुतगती मार्गावर अचानक सगळं थांबतं, दहा मिनिटांनी सुटतं आणि पुढे अपघातही दिसत नाही, तेव्हा बहुधा हेच घडलेलं असतं.

हे रिंगण सुमोमध्ये करा. सुमो हे जर्मन एरोस्पेस सेंटरमध्ये तयार झालेलं, २००१ पासून उपलब्ध असलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक गाडी स्वतंत्र असते. दर सेकंदाला ती पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग बघते आणि धडक होणार नाही एवढाच स्वतःचा वेग ठेवते. यामागे क्राउस यांचं सूत्र आहे. त्यात ‘सिग्मा’ नावाचा एक आकडा असतो. चालक किती ढिला आहे, विनाकारण किती वेग सोडतो, हे तो सांगतो. न बदलल्यास तो ०.५ असतो. तो शून्य करा, गाड्यांच्या इच्छित वेगातला फरकही शून्य करा, की रिंगण शांत फिरतं. मग सिग्मा हळूहळू वाढवा आणि गाठी कधी पडू लागतात ते बघा. त्या एका संध्याकाळी वाहतुकीबद्दल जे कळतं ते पुस्तकाची पन्नास पानं वाचून कळत नाही.

हीच गोष्ट याहून साध्या रीतीने नेगल आणि श्रेकेनबर्ग यांनी १९९२ साली मांडली होती. रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन पाडायचे. प्रत्येक गाडीने वेग एकाने वाढवायचा, पुढे जागा नसेल तर कमी करायचा, मधूनच उगाच एकाने घटवायचा आणि पुढे सरकायचं. नियम एवढे चारच आहेत. स्प्रेडशीटमध्येही करता येतात, जरूर करून बघा.

नकाशा

सुमोसोबत ‘ओएसएम वेब विझार्ड’ नावाची छोटी स्क्रिप्ट येते. ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो, हवा तो चौकोन निवडायचा, बटण दाबायचं, की ओपनस्ट्रीटमॅप या मोफत, लोकांनी बनवलेल्या नकाशावरून रस्ते उतरवून, जाळं बांधून, त्यात गाड्यासुद्धा सोडून मिळतात. दाबण्याआधी डाव्या बाजूच्या वाहतुकीची खूण करायला विसरू नका. ती राहिली तर सगळं शहर उजवीकडून चालतं, आणि चौकातली वळणं उलटी असल्याचं नवख्या डोळ्याला चटकन दिसत नाही.

चौकोन केवढा घ्यायचा? आपल्या प्रश्नाहून एक वळसा मोठा. प्रश्न भिडे पुलाचा असेल तर फक्त डेक्कन आणि नारायण पेठ घेऊन चालणार नाही. पूल बंद झाल्यावर माणसं जिथून जिथून नदी ओलांडतील ते सगळे पूल आत यायला हवेत. एका बाजूला लकडी पूल आणि म्हात्रे पूल, दुसऱ्या बाजूला बालगंधर्वजवळचा आणि पुढचा शिवाजी पूल. पर्यायी रस्ताच चौकोनाबाहेर राहिला तर मॉडेलमधल्या गाडीला तो अस्तित्वातच नसतो.

मग नेटएडिट, म्हणजे जाळं दुरुस्त करायचं सुमोचं साधन, उघडून हाताने साफसफाई. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. उतरवलेल्या नकाशात मला जे नेहमी सापडतं ते असं:

- लेनची संख्या नकाशात लिहिलेली नसेल तर सुमो रस्त्याच्या वर्गावरून स्वतः ठरवतं. वेगमर्यादेचंही तेच. ते कोष्टक युरोपातल्या रस्त्यांच्या सवयीचं आहे. पेठेतल्या बोळाला त्यात ताशी ५० किलोमीटर मिळतात, आणि मग सगळं शहर लक्ष्मी रोड सोडून बोळांतून पळू लागतं.
- सिग्नल कुठे आहे हे नकाशा सांगतो, हिरवा किती सेकंद आहे हे सांगत नाही. सुमो साधारण ९० सेकंदांचं चक्र स्वतः बनवतं. महत्त्वाच्या चौकांत उभं राहून घड्याळ लावा आणि खरे सेकंद भरा.
- दुभाजकाचा रस्ता जिथे दुसऱ्या तशाच रस्त्याला छेदतो तिथे नकाशात एका चौकाचे चार ठिपके असतात. ते जोडून एकच चौक करावा लागतो. नकाशाचं जाळं बनवणाऱ्या नेटकन्व्हर्ट या साधनात चौक आपोआप जोडायची सोय आहे, पण जोडलेलं प्रत्येक ठिकाण स्वतः बघा.
- कुठला पूल कुणासाठी आहे. झेड ब्रिज दुचाकींचा आहे. तुमच्या जाळ्यात त्यावरून बस जात असेल तर पुढचे सगळे निकाल चुकीचे.
- एकेरी रस्ते. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकमेकांच्या उलट दिशेने एकेरी आहेत. मेट्रोच्या किंवा इतर कामासाठी अशा व्यवस्था मधूनच बदलतात आणि नकाशा मागे राहतो.

दुचाकी

इथे बहुतेक परदेशी शिकवण्या तुमची साथ सोडतात. सुमोचं मूळ गृहीतक असं की एका लेनमध्ये गाड्या एकीमागे एक असतात. आपल्या सिग्नलला काय होतं ते रोज बघतो: लाल असेपर्यंत दुचाकी फटींतून पुढे येतात, पांढऱ्या पट्टीच्या पुढे त्यांचा एक घोळका जमतो आणि हिरवा होताच तो आधी सुटतो. हा घोळका मॉडेलमध्ये नसेल तर चौकातून किती गाड्या सुटतात हा आकडाच चुकतो, आणि मोठ्या जाळ्यात ती चूक प्रत्येक चौकात पुन्हा पुन्हा होत जाते.

उपाय आहे. सुमोमध्ये लेनचे उभे पट्टे पाडता येतात. त्यासाठी बाजूच्या दिशेची बारकाई, समजा ०.८ मीटर, ठरवून द्यायची. मग दुचाकी, रिक्षा, मोटार, बस असे वाहनांचे वेगवेगळे प्रकार करायचे: लांबी, रुंदी, वेग घेण्याची ताकद, पुढच्या गाडीपासूनचं आणि बाजूच्या गाडीपासूनचं अंतर. दुचाकींना लेनमध्ये कुठेही उभं राहायची मुभा द्यायची. संगणकाला हे जड जातं, वेळ बराच वाढतो. तरी आपल्या शहरासाठी मी हा खर्च करायला सांगेन.

एक चूक इथेच टाळा. भारतीय रोड काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचं ‘मोटारीच्या हिशेबात’ मोल दिलेलं आहे. मोटार १, आणि दुचाकी रस्त्यावरच्या त्यांच्या प्रमाणानुसार ०.५ किंवा ०.७५. रस्त्याची क्षमता हाताने काढताना ते उपयोगी आहे. पण सूक्ष्म सिम्युलेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक गाडी वेगळी, मीटरमीटरने सरकवणाऱ्या मॉडेलमध्ये, दोन दुचाकींची एक मोटार करून घालू नका. तिथे दुचाकी ही दुचाकी म्हणूनच गेली पाहिजे.

माणसं कुठून कुठे जातात

आता खरं काम. विझार्डने सोडलेल्या गाड्या कुठूनही कुठेही जातात. पडद्यावर ते फार जिवंत दिसतं, आणि हाच धोका आहे. हलणारं चित्र बघून पाहणारे मान डोलावतात, मॉडेल करणाराही हरखतो. त्या चित्राला अजून काही अर्थ नाही.

मागणी, म्हणजे कुठून कुठे किती जण जातात ते, उभी करायच्या वाटा दोन. मोठ्या प्रकल्पांत शहराचे विभाग पाडतात, घरोघरी विचारून कुठल्या विभागातून कुठे रोज किती जण जातात याचं कोष्टक बनवतात आणि ‘ओडी टू ट्रिप्स’ या साधनाने त्याच्या फेऱ्या करतात. शहराच्या सर्वंकष वाहतूक आराखड्यांमागे अशीच पाहणी असते. तिच्यातलं कोष्टक हाती लागलं तर सोनं.

हाती नसेल, आणि शिकणाऱ्याच्या हाती बहुधा नसतंच, तर चौकातली मोजणी. दोन मित्र, दोन वह्या, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना, प्रत्येक दिशेचा वेगळा, वाहनाच्या प्रकारानुसार वेगळा, आणि सरळ, डावीकडे, उजवीकडे किती गेले तेही वेगळं. फोनवर व्हिडिओ काढून घरी मोजलं तर चुका कमी होतात. सुमोमधलं ‘रूट सॅम्पलर’ हे मोजलेले आकडे घेतं आणि आधी बनवलेल्या शेकडो संभाव्य मार्गांतून असे मार्ग निवडतं की मोजलेल्या जागी तेवढ्याच गाड्या पडाव्यात. पाच-सहा चौक मोजले तरी नदीकाठच्या या भागाचं ओळखीचं चित्र उभं राहू लागतं.

मोजणीत एक खाच आहे आणि ती समजून घेतली नाही तर सगळं मॉडेल उलटं बसतं. सिग्नल पार करून गेलेल्या गाड्या तुम्ही मोजता. मागे अडकून पडलेल्या गाड्या त्या आकड्यात नसतात. चौक तुंबलेला असताना तासाला कमी गाड्या जातात, म्हणून कागदावर गर्दी कमी दिसते! त्यामुळे प्रत्येक १५ मिनिटांच्या शेवटी रांग कुठवर आहे तेही लिहा: कुठल्या दुकानापर्यंत, कितव्या विजेच्या खांबापर्यंत. कॉम्प्युटरवर ते अंतर नंतर मोजता येतं.

कोण कुठल्या रस्त्याने

सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण मिळालं, पण मधला मार्ग? सगळ्यांना सर्वांत जवळचा दिला तर सगळे एकाच रस्त्यावर येतात आणि शेजारचा रिकामा राहतो. खऱ्या शहरात माणूस शिकतो. आज अडकला तर उद्या दुसरीकडून जातो. रोजची ही शिकवणी संपते तेव्हाची अवस्था वॉर्डरॉप यांनी १९५२ साली शब्दांत पकडली: वापरातल्या सगळ्या मार्गांना सारखाच वेळ लागतो, आणि रस्ता बदलून कुणाचाच वेळ वाचत नाही.

सुमोमध्ये ‘डीयूए इटरेट’ नावाची स्क्रिप्ट हेच करते. सगळं सिम्युलेशन एकदा चालवते, कुठल्या रस्त्याला किती वेळ लागला ते नोंदवते, काही गाड्यांचे मार्ग बदलते, पुन्हा चालवते. वीस, तीस, कधी पन्नास फेऱ्या लागतात. एकूण प्रवासवेळ फेरीगणिक कमी होत येऊन स्थिरावतो की नाही ते बघत राहा.

चालवा, पण नोंदी वाचा

चालवून झाल्यावर चित्राकडे नाही, नोंदींकडे बघा. दोन आकडे आधी.

पहिला टेलिपोर्टचा. एखादी गाडी ३०० सेकंद हलली नाही तर सुमो तिला उचलून पुढे नेऊन ठेवतं, नाहीतर सगळं जाळं गुदमरेल. खऱ्या शहरात कुणी कुणाला उचलत नाही. पाच-दहा टेलिपोर्ट झाले तर ठीक, शेकड्याने झाले तर जाळ्यात कुठेतरी चूक आहे. बहुधा एखाद्या चौकात एक वळण जोडायचं राहिलेलं असतं किंवा उजवीकडे वळायला हिरवाच मिळत नसतो. कुठल्या लेनवर झाले ते नोंदीत येतं, तिथे जाऊन बघा.

दुसरा आकडा बाहेर थांबलेल्या गाड्यांचा. जाळ्याच्या कडेला जागा नसेल तर गाडी आत येतच नाही, दाराबाहेर रांगेत राहते. प्रवासवेळेची सरासरी काढताना हा ताटकळलेला वेळ धरला नाही, तर रस्ता जितका तुंबेल तितका प्रवास वेगवान झाल्यासारखा दिसतो. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये एक लेन काढून टाकल्यावर सरासरी वेळ सुधारली होती. मी तो निकाल दोन दिवस खरा धरून बसलो. अर्ध्या गाड्या आतच आल्या नव्हत्या.

सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास हिशेबात धरू नका. तेव्हा रस्ते रिकामे असतात, ते भरायला वेळ लागतो.

जुळतं का?

मॉडेलमधले आणि मोजलेले आकडे ताडायला जगभर वाहतूक अभियंते जीईएच नावाचं सूत्र वापरतात. दोन आकड्यांमधल्या फरकाचा वर्ग घ्या, त्याची दुप्पट करा, त्याला दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागा आणि वर्गमूळ काढा. ताशी ८०० मोजल्या आणि मॉडेलमध्ये ९०० आल्या तर उत्तर सुमारे ३.४ येतं. १०० मोजल्या आणि २०० आल्या तर सुमारे ८.२. फरक दोन्हीकडे शंभराचाच, पण दुसरीकडे तो अक्षम्य आहे. रूढ कसोटी अशी की ८५ टक्के ठिकाणी उत्तर ५ च्या आत यावं.

ही कसोटी पास झाली म्हणजे झालं असं समजू नका. रूट सॅम्पलरला तुम्ही जे आकडे दिले तेच आकडे परत जुळले यात नवल नाही. म्हणून मोजलेल्या चौकांपैकी एक चौक मॉडेलला मुळीच दाखवू नका, बाजूला ठेवा, आणि शेवटी तिथे काय येतं ते बघा. शिवाय दुचाकीवरून किंवा बसमधून त्या रस्त्यांवर घड्याळ लावून फिरा आणि प्रवासवेळ ताडा. रांगेची लांबीही, त्या विजेच्या खांबापर्यंतची.

जाळं मोठं होत जातं तेव्हा

एक लाख गाड्या, एक तास, दर सेकंदाला एक पाऊल म्हणजे ३६ कोटी वेळा कुठल्यातरी गाडीचा वेग ठरवायचा. त्यात लेनचे पट्टे पाडले की आणखी. सुमोचं हे काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे महाग यंत्र घेऊन फारसं साधत नाही. बारकाई कमी करणं हाच मार्ग.

सुमोची मध्यम पद्धत त्यासाठी आहे. तिथे गाडी वेगळीच राहते, पण मीटरमीटरने सरकत नाही. रस्त्याचे तुकडे म्हणजे एकेक रांग, गाडी एका रांगेतून पुढच्या रांगेत जाते. हे शंभरपटीपर्यंत वेगवान होऊ शकतं. मार्ग ठरवायच्या त्या तीस फेऱ्या या पद्धतीने करा आणि शेवटची तपासणी सूक्ष्म पद्धतीने. याहून मोठं, म्हणजे पिंपरी-चिंचवडसकट अख्खा महानगर प्रदेश करायचा असेल तर मॅटसिम या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरकडे वळा. तेही रांगांवर चालतं. त्यातल्या प्रत्येक माणसाला दिवसभराचा बेत असतो: घर, ऑफिस, मुलांची शाळा, परत घर. रात्री तो बेत सुधारतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. बरेचदा लोकसंख्येपैकी फक्त १० टक्केच माणसं घेतात आणि रस्त्यांची क्षमताही त्याच प्रमाणात कमी करतात.

तयार मोठी उदाहरणं बघायची असतील तर लक्झेंबर्ग शहराचं, सुमारे १५६ चौरस किलोमीटरचं, २४ तासांचं सुमो मॉडेल मोफत मिळतं. कोलोनचंही आहे. त्याची मागणी सुमारे ४०० चौरस किलोमीटरवर सात लाखांहून जास्त फेऱ्यांची, त्यातला सकाळी ६ ते ८ चा भाग उतरवता येतो. त्यांच्या फायली उघडून कुणी काय कसं ठेवलंय ते बघा.

आता पूल बंद करा

सुमोमध्ये ‘रीराउटर’ लावून एखादा रस्ता ठरावीक वेळी बंद करता येतो. इथे थांबून विचार करावा लागतो, कारण बंद होण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येतात. पाणी अचानक सोडलं तर वाटेत असलेल्या लोकांना पुलाच्या तोंडाशी आल्यावरच कळतं. काहींना फोनवर आधी कळतं. मॉडेलमध्ये किती गाड्यांना आधी कळावं याचं प्रमाण देता येतं. ०, ३०, ७० टक्के अशी तिन्ही करून बघा. पण पूल आठवडाभर बंद राहिला तर तिसऱ्या दिवसापर्यंत शहर शिकलेलं असतं. तेव्हा पूल नसलेलं जाळं घेऊन मार्गांच्या त्या सगळ्या फेऱ्या पुन्हा चालवायला हव्यात. पहिल्या दिवसाचा गोंधळ आणि आठव्या दिवसाची सवय यांची बेरीज करून एक सरासरी काढू नका.

प्रत्येक प्रयोग वेगवेगळे यादृच्छिक बीज, म्हणजे मॉडेलमधले योगायोग ठरवणारा सुरुवातीचा आकडा, देऊन किमान दहा वेळा चालवा. एकदा चालवून ‘लकडी पुलावर चार मिनिटं वाढली’ म्हणणं चुकीचं. दहापैकी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, दोन्ही लिहा.

आणि पाऊस. पूल बंद असतो तेव्हा बहुधा पाऊसही असतो, आणि पावसात सगळेच सावकाश चालवतात, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवतात. त्या दिवशीच्या खोळंब्यात पुलाचा वाटा किती आणि पावसाचा किती? सुदैवाने हे वेगळं करता येतं. पाणी कधी सोडायचं हे पानशेत, वरसगाव, टेमघरच्या वरच्या डोंगरांत किती पडला यावर ठरतं, त्यामुळे शहर कोरडं असतानाही पूल बंद असल्याचे दिवस येतात. म्हणून चार जोड्या चालवा: कोरडं आणि पूल चालू, कोरडं आणि पूल बंद, ओलं आणि चालू, ओलं आणि बंद. ओल्यासाठी इच्छित वेग थोडा उतरवा आणि मागच्या-पुढच्या गाड्यांमधला वेळ वाढवा. किती उतरवायचा हे यंदाच्या जुलैमध्ये, एका पावसाळी सकाळी, त्याच चौकात त्याच वहीत मोजून घ्या.